आहेराच्या टोप्या

आमचे मामा सिंगापूरला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत धोतराचे दोन जोड होते, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता, ज्वारीच्या पिठाची पिशवी होती आणि बाकी सगळ्या टोप्या. पांढऱ्या, कडक, एकात एक घातलेल्या. वर टॉवेलांची चळत. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. नवरा त्यांना घेऊन येत होता. विमानतळावर तपासणीच्या मुलीनं बॅग उघडली आणि टोप्यांकडे बघतच राहिली. एवढ्या टोप्या विकायला आणल्यात का, असं तिनं विचारलं. नवऱ्यानं ते मराठीत सांगितलं आणि मामा भडकले.

"इकायला? आरं, अनोळखी मुलखात आलोय. कुनाचं लगीन निघंल, कुनाची वास्तुशांत निघंल. मोकळ्या हातानं जायाचं व्हय?"

"आण्णा, इथं आपल्याला कोण बोलावतंय?" नवरा म्हणाला.

"बाळ्या, बोलावत न्हाईत ही तुमची चूक. त्यांची न्हाई."

नवऱ्यानं मुलीला काय सांगितलं कोण जाणे, पण तिनं बॅग बंद करून दिली. हा किस्सा त्यानं मला घरी आल्यावर सांगितला, तेव्हा मी कपाळावर हात मारला. कारण या माणसाच्या भरवशावर मी नोकरी धरली होती.

तेव्हा आम्हाला सिंगापुरात येऊन वर्ष होत आलं होतं. नवऱ्याला बंदरातल्या कंपनीत चांगलं काम होतं, ओवी पहिलीत जात होती आणि मी एमएस्सी झालेली बाई दिवसभर घरात बसून पडदे बघत होते. वर्षभरात आमच्या दारातून आत आलेली परकी माणसं दोनच, नळदुरुस्तीवाला आणि एकदा घर चुकलेला एक म्हातारा. मग मला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. अडचण ओवीची होती. तिची बस दुपारी सोसायटीच्या फाटकाशी येते आणि बसवाली बाई मोठं माणूस उभं असल्याशिवाय मूल खाली उतरवत नाही. शाळेनंतरच्या पाळणाघरात जागा नव्हती. कामवाली ठेवायची तर इथं ती घरातच राहायला येते, आणि आमच्या दोन खोल्यांत आम्हीच एकमेकांच्या पायात येत होतो. माझ्या आईनं पेरूच्या बागेचं कारण सांगितलं. उरले मामा. त्यांना तीन महिन्यांची परवानगी मिळाली, आणि ज्या माणसानं स्वतःची पोरं कितवीत आहेत हे कधी विचारलं नव्हतं, तो माझ्या पोरीला शाळेतून उतरवून घ्यायला परदेशात आला.

मी राहात्याची. आमच्याकडे पाटाचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. मामा खर्ड्याजवळचे, जामखेड तालुका, जिथं उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. जिल्हा एकच, पण आमच्या लग्नात दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे परमुलखातल्या पाहुण्यांसारखी बघत होती. मामांचं राहात्याविषयीचं मत ठरलेलं होतं आणि ते मला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत. "पाटाच्या पान्यावरची मानसं. कुनाच्या दारात कळशी घेऊन जायाची पाळीच आली न्हाई, मंग शेजार कळायचा कुटनं?"

पहिल्याच सकाळी उठले तर घरात एक भांडं रिकामं नव्हतं. पातेली, डबे, कुकर, ओवीची शाळेची बाटली, सगळं पाण्यानं काठोकाठ भरून ओळीनं मांडलेलं. मी म्हटलं, "मामा, इथं नळ जात नाही."

"आसंच म्हनत्यात. गेला की मंग बोंबलत्यात."

बाहेर धो धो पाऊस आणि मला चहा टाकायला पातेलं नाही! पुढं कधीतरी नवऱ्यानं त्यांना सांगितलं की इथलं बरंचसं पाणी शेजारच्या देशातून नळानं येतं. मामांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी ह्यो बी आपल्यावानीच टँकरवाला गाव हाय की!" त्या दिवसापासून सिंगापूरबद्दल त्यांना जवळीक वाटायला लागली. पण देश म्हणून त्यांनी त्याला कधी मान्यता दिली नाही. नकाशा बघून ते म्हणाले होते, "जामखेड तालुक्यात ह्यो देश मावून वर गायरान उरंल." हे ते ज्याला त्याला सांगत, मराठीत. समोरचा हसून मान डोलवी. खर्ड्याच्या लढाईत निजामाला जिथं पाणी पाजलं त्या मुलखातला आपण माणूस, हेही सांगत. त्यालाही समोरचा मान डोलवी.

दार लावणं त्यांना मंजूर नव्हतं. दिवसाउजेडी दार लावतं ते ऊसतोडीला गेलेलं घर, असा त्यांचा हिशेब. आमच्या इमारतीत सगळ्या घरांपुढून एक लांब सामाईक गॅलरी जाते. मामांनी दार सताड उघडलं, प्लॅस्टिकची खुर्ची गॅलरीत टाकली, तिच्यावर मांडी घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "राम राम, जेवला का?" सुरू केलं. पहिला आठवडा लोक लांबच्या लिफ्टनं गेले. मी संध्याकाळी कामावरून आले की धाकधूक व्हायची. घरमालकानं करार करताना बजावलं होतं की शेजाऱ्यांची तक्रार नको. तक्रार आली की मामांना परत पाठवावं लागणार, मामा गेले की माझी नोकरी गेली. मी त्यांना समजावलं, रागावले, एकदा खुर्चीच लपवून ठेवली. ते जमिनीवर बसले.

पण बसचं काम चोख. बस यायच्या तासभर आधी ते फाटकाशी उभे. धोतर, सदरा, टोपी, हातात छत्री. ओवीला पहिले काही दिवस लाज वाटली. "आजोबांना पॅन्ट घाला ना," ती म्हणाली. नंतर बसमधली सगळी पोरं खिडकीतून "लाम लाम" ओरडायला लागली आणि तिची कॉलर ताठ झाली.

मग खालच्या मोकळ्या जागेत एक लग्न लागलं. इथल्या इमारतींना तळमजल्यावर खांबांच्या मधे मोठी उघडी जागा असते आणि कार्यं तिथंच होतात. हे लग्न मलय कुटुंबाचं होतं. मंडप, फुलं, भाताचा घमघमाट. मी कामावर होते. घरी आले तेव्हा मामा ढेकर देत बसले होते.

"चूलबंद आवतान हुतं का हो?" मी टोमणा मारला. अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं असलं की आमच्याकडे तसं म्हणतात.

"मी खाली उभा हुतो, त्यांनी हाताला धरून बसवलं. मी नवरदेवाच्या बापाला टोपी-टॉवेल केला. लई खूश झालं मानूस. फोटो काढला माझ्यासंगं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हनत हुतीस, कोन इचारतंय."

मी भांडी आवरायला आत गेले. इथंच चुकलं. तेव्हाच त्यांना नीट सांगायला हवं होतं की खाली उभारलेला प्रत्येक मांडव लग्नाचा नसतो.

थोड्याच दिवसांत पुन्हा खाली मांडव पडला. मी बसमधून उतरून त्या बाजूनं लिफ्टकडे चालले होते. गोल टेबलं, त्यांवर शेंगदाण्यांच्या बशा, बसलेली माणसं, एका बाजूला तालावर काहीतरी पाठ चाललेला. आणि मधोमध आमची पांढरी टोपी. ओवी बाजूला खुर्चीवर बसून गोळ्या खात होती. समोर पन्नाशीचा एक चिनी माणूस, पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, गोंधळून उभा. मामांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकलेला होता. आता ते पुडीतलं कुंकू बोटावर घेत होते.

"मामा!" मी ओरडले.

उशीर झाला होता. त्यांनी त्या माणसाच्या कपाळावर ठसठशीत लाल टिळा ओढला, डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाले, "लेकाचं लगीन का लेकीचं?"

पाठ थांबला. एक बाई ताडकन उठून काहीतरी ओरडली. चिन्यांच्या मयताच्या जागी लाल रंग अजिबात चालत नाही, हे मला प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं कधीतरी सांगितलं होतं, ते नेमकं तेव्हा आठवलं. मामांच्या मागं भला मोठा फोटो होता, हसणाऱ्या म्हाताऱ्याचा, त्याच्यापुढं उदबत्त्या आणि फळं. तो त्यांना दिसला नव्हता असं नाही. ते नंतर मला म्हणाले, "मला वाटलं यजमानाचा फ्लेक्स हाय." यात त्यांची चूक तरी काय म्हणायची? आमच्या जिल्ह्यात बारशाला फ्लेक्स लागतो.

आता त्यांनी मागं वळून नीट पाहिलं. फोटोमागची लाकडी पेटी पाहिली. मला वाटलं, हा माणूस आता माझ्याकडे बघेल, मी माफी मागेन, उद्या तक्रार होईल, आणि संपलं सगळं. पण ते माझ्याकडे बघायच्या फंदात पडले नाहीत. स्वतःच्या धोतराचा सोगा धरला, थुंकी न लावता, एवढी अक्कल होती, आणि त्या माणसाचं कपाळ पुसायला लागले. पुसता पुसता विचारलं, "वडील व्हय? कवा गेले?"

तो माणूस काय समजला कुणास ठाऊक. मामांनी त्याला जवळ ओढलं आणि पाठीवर थोपटत मोठ्यानं रडायला सुरुवात केली. हे ढोंग नव्हतं. मामांना अनोळखी माणसासाठी रडता येतं. जामखेडच्या बाजाराला गेले की वाटेतले दहावे ते करूनच येतात, मेलेल्याची ओळख असो नसो. कावळा शिवेपर्यंत हलत नाहीत. तो चिनी माणूस आधी खांबासारखा ताठ राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. ती ओरडणारी बाई हळूच खाली बसली.

टोपी तेवढी त्याच्या डोक्यावर राहिली. मी काढायला गेले तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दुखवट्याला बी टोपीच आस्ती." हे खरंच आहे. आमच्याकडे लग्नाला आणि दुखवट्याला आहेर तोच, फक्त देणाऱ्याचं तोंड बदलतं. निघताना घरातल्या एकीनं आम्हा तिघांना लाल दोऱ्याचा तुकडा आणि गोळी दिली. अशा जागेवरून घरी जाताना अपशकुन मागं राहावा म्हणून ते घ्यायचं, अशी त्यांची रीत. मामांनी दोरा मनगटाला बांधला.

वर आल्यावर मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, "पिठलं टाक."

"कुणासाठी?"

"वरल्या आळीला. आज समदी खालीच हायत." वरचा मजला म्हणजे त्यांच्या लेखी वरली आळी, आणि ते कुटुंब तिथलंच.

"मामा, बस झालं आता. त्यांच्याकडे केटरर आहे. तुम्ही बघितलं ना खाली किती खायला होतं?"

"ते पाव्हन्यांना. गेलेल्याच्या म्हातारीच्या पोटात काय गेलंय? मयताच्या घरची चूल पेटत न्हाई. शेजाऱ्यानं कडू घास न्यायाचा आन् हातानं भरवायाचा. त्याबिगर घरची बाई जेवत बी न्हाई आन् रडत बी न्हाई."

"त्यांच्यात असलं काही नसतं."

"भूक आस्ती का न्हाई त्यांच्यात?"

नवरा घरी आला होता. मी त्याच्याकडे बघितलं. बापापुढं तोंड उघडायचं म्हटलं की तो मोबाईलमध्ये शिरतो, तसा शिरला. मी रागानं पिठलं घोटलं, रागानं भाकरी थापल्या, आणि एकट्याला सोडण्यात धोका म्हणून मामांबरोबर खाली गेले. म्हातारी पेटीजवळ स्टुलावर बसली होती. आखूड केस, वाळलेले हात, नजर जमिनीत. मुलानं तिला काहीतरी सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"भरव," मामा म्हणाले.

"मी?"

"मंग काय मी? मी बाप्या मानूस."

मी आयुष्यात परक्या बाईला घास भरवला नव्हता. राहात्यात आमच्या घरी माणसं गेली, तेव्हा दुसऱ्यांनी मला भरवला होता, आणि तेव्हा मला त्यांचा राग आला होता. मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला. सगळं कुटुंब बघत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं लहान मुलासारखं तोंड उघडलं. दुसरा घास, तिसरा घास, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. रागाच्या भरात माझ्या हातून मिरची जास्त पडली होती. ती नवऱ्यासाठी रडली की मिरचीनं, हे मी आजही सांगू शकत नाही. मामा मात्र काम फत्ते झाल्यासारखी मान हलवत होते.

तक्रार आली नाही. काही दिवसांनी म्हातारी आमचा डबा द्यायला आली, त्यात वाफवलेले गोड गोळे घालून. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, एवढं तिच्याही मुलखात होतं. मामांनी तिला दुसरी खुर्ची टाकून दिली. मग ती रोज यायला लागली. मुलगा आणि सून कामाला जात, वर घरात एकटीनं काय करायचं? ती तिच्या चिनी बोलीत बोले, मामा जामखेडीत. शेंगा मोडता मोडता दोघांची भांडणंही होत. एकदा मी दोघांना तावातावानं बोलताना ऐकलं आणि ओवीला विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "आजोबा म्हणतायत शेंगेची शीर काढायची, आणि ती म्हणतेय नाही काढायची." तिला हे कसं कळलं, ते तिलाच माहीत.

माझं प्रयोगशाळेत बस्तान बसत होतं. आणि मामांची परवानगी संपत आली होती.

नवरा म्हणाला, मुदत वाढवून मिळते का बघतो. मामा म्हणाले, "नगं. मिरग आला. उडदाचं रान पडून ऱ्हाईल."

मी भाजी निवडायला घेतली. मग नाही राहवलं. "मामा, तुम्ही गेलात की ओवीला बसमधून कोण घेणार? मला नोकरी सोडावी लागेल. तुमचा उडीद माझ्या नोकरीपेक्षा मोठा आहे का?"

"ज्याचं त्याला मोठं," ते म्हणाले आणि टोपी झटकून गॅलरीत जाऊन बसले.

मला इतका संताप आला की जाईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. चहा टेबलावर आदळायचे. ते फुर्रकन पिऊन टाकायचे. पुण्याच्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर ते विमानात बसले. जाताना त्यांनी ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला, नवऱ्याला म्हणाले, "पानी भरून ठिवत जा," आणि मला नुसतं "येतो." मी मान हलवली, तीही नाइलाजानं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. साहेबांना काय सांगायचं, ते मनात घोळवत दुपारी फाटकाशी गेले. तिथं म्हातारी छत्री घेऊन आधीच उभी होती. मला बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तू कशाला? तू कामाला जा."

बस आली. बसवाल्या बाईनं माझ्याकडे ढुंकूनही न बघता ओवीला म्हातारीच्या हाती दिलं. ओवीनं दप्तर तिच्याकडे दिलं आणि मला विचारलं, "आई, तू का आलीस आज?"

"ही कधीपासून येते?"

"कधीचीच! आधी आजोबा तिच्या शेजारी उभे राहायचे. मग मागं उभे राहायचे. मग जिन्यात बसायचे. मग खाली यायचेच नाहीत, वरूनच बघायचे. आईला सांगू नको म्हणाले, ती गोंधळ घालती."

मी शेतकऱ्याची लेक आहे. नवा बैल औताला असाच लावतात. आधी जुन्या बैलाच्या जोडीला जुंपायचा, मग कासरा सैल सोडत जायचं, मग जुन्याला काढून घ्यायचं. म्हातारीला कल्पना होती की नाही देव जाणे. तिच्या मुलाला होती. नवऱ्याला तो नंतर म्हणाला, वडील गेल्यावर आईनं बाहेर पडायला पहिल्यांदा पायात चपला घातल्या त्या या बससाठी. म्हातारीनं मला मागं ढकललं, ओवीचा हात धरला आणि दोघी वर निघून गेल्या, जेवायला.

मी तिथंच कट्ट्यावर बसून मामांना व्हिडिओ कॉल लावला. ते फोन कानालाच लावतात, त्यामुळं पडद्यावर मला त्यांचा कान दिसत होता.

"मला सांगितलं का नाही?" मी ओरडले.

"सांगितलं आसतं तर काय केलं आसतंस?"

मी विचार केला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तिला विचारलं असतं, महिन्याचं किती घेणार."

"मंग ती कामाला आली आसती. घरी न्हाई."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हटलं, "मामा, मी तुमच्याशी बोलत नव्हते इतके दिवस."

"ते बरं हुतं. निवांत झोप लागली." पलीकडे कुणीतरी त्यांना रानात हाक मारत होतं. त्यांनी थांब म्हणून सांगितलं. "तुझी नोकरी म्हंजी नेमकं काय, ते मला बाळ्यानं लई वेळा सांगून बघितलं. काय उमगलं न्हाई. पन तू सकाळी बूट घालून निघतीस ना पोरी, तवा लई बरी दिसतीस."

कान बाजूला झाला, आभाळाचा एक तुकडा दिसला आणि फोन बंद पडला. दुपारचे दोनच वाजले होते. मी डोळे पुसले, वर गेले आणि बूट घातले.